कूपे किती खाली घ्यायची? बेळगाव, खानापूर आणि चोर्ल्याच्या रस्त्यांवरचा सस्पेन्शन आणि रिमचा हिशोब

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि माथा १७ मीटर त्रिज्येचा, म्हणजे चढताना कळावा पण आदळू नये इतका हळुवार गोल. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या भागात रोज गाडी चालवणाऱ्याला हे वाचून नवल वाटेल. आपल्याकडे गावाच्या वेशीवर भेटणारा हंप अनेकदा याच्या निम्म्या रुंदीचाही नसतो आणि उंचीला मात्र जास्त असतो. स्पोर्टी कूपेचा सगळा हिशोब या फरकापासून सुरू होतो.

कूपे म्हणजे दोन दारांची, बुटकी, रस्त्याला चिकटून पळणारी गाडी. ती सेकंडहँडमध्ये घेण्याची हौस आपल्या भागातही आहे. गाडी दारात आली की प्रश्न ठरलेले असतात: किती खाली घ्यायची आणि रिम किती इंची टाकायचं? खरं तर हे दोन्ही प्रश्न शेवटचे आहेत. आपल्या रस्त्यांवर आधी बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतलं रबर), मग टायर आणि जंपर (शॉक ॲबसॉर्बर), त्यानंतर पैसे आणि गरज उरली तर स्प्रिंग. रिम तर मोठं घेण्याऐवजी एक इंच लहान घेतलं तर गाडी जास्त चांगली चालते. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून मुळापासून बघू.

उदाहरणाला दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी घेऊ, २००६ ते २०१४ ची. आकडे तिचे आहेत, तत्त्व कुठल्याही कूपेला लागू पडतं.

हंपाचं गणित

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे व्हीलबेस. टीटीचा तो २,४६८ मिमी आहे. नियमाप्रमाणे बांधलेल्या हंपावर चारही चाकं चढतात, तेव्हा हंपाचा माथा पोटाकडे किती वर येतो ते काढायचं तर व्हीलबेसच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागायचं. उत्तर येतं साधारण ४५ मिमी. पोटाखाली १२० मिमी मोकळे असतील तर ७५ मिमी शिल्लक राहतात. गाडी निवांत जाते.

आता हंप एक मीटर रुंद आणि १५० मिमी उंच धरा. पुढची चाकं उतरून गेली, मागची अजून चढायची आहेत आणि मधे पूर्ण १५० मिमीचा ढिगारा पोटाखाली उभा. १२० मिमीची गाडी इथे कंपनीच्या मूळ उंचीवरही घासते. तिरकी घेतली, एकेक चाक चढवलं, तर निभावते. तीच गाडी ३० मिमी खाली घेतली की ९० उरतात. मागे सामान आणि शेजारी माणूस मिळून १८० किलो भरले की आणखी सुमारे १५ मिमी जातात. मग तिरकी घेऊनही सुटका नाही. घासतं तेव्हा नुसता बंपर खरचटत नाही. इंजिनाचा ऑइल संप, म्हणजे तेलाचं भांडं, सगळ्यात खाली असतो. त्याला तडा गेला आणि ऑइलचा दिवा लागल्यावरही गाडी तशीच पुढे नेली, तर इंजिन संपतं.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी टेप घ्या. गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये योग्य हवा भरा, टाकी अर्धी ठेवा. मग चार मापं लिहून काढा: पुढच्या बंपरच्या ओठाखालची उंची, संपाखालची, दारांच्या मधोमध पोटाखालची आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची. शेवटचं माप टायर बदलला तरी बदलत नाही, म्हणून स्प्रिंग बसली का, खचली का, हे पुढे त्यावरूनच कळतं.

एक सवयही इथेच सांगण्याजोगी आहे. हंपावर चढताना ब्रेक दाबलेला असला की नाक २०–३० मिमी खाली झुकतं. ब्रेक हंपाच्या आधी लावून संपवायचा आणि चढायच्या क्षणी पाय उचललेला असावा.

स्प्रिंगचं काम वेगळं, जंपरचं वेगळं

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का साठवते. साठवलेला धक्का ती परत फेकणार, हा तिचा धर्मच आहे. पाळण्याला झोका दिला की तो आपोआप थांबत नाही, तशी नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर डुलतच राहील. तो झोका थांबवतो जंपर, म्हणजे शॉक ॲबसॉर्बर. आत तेल, त्यात पिस्टन, पिस्टनला बारीक छिद्रं आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्या. तेल त्या छिद्रांतून जोर लावून जातं आणि उसळी उष्णतेत बदलते. दार आपटू नये म्हणून वर बसवलेला डोअर क्लोजर हेच करतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारागिराला हे समजावायला एक मिनिटही लागणार नाही.

आता आकडे. टीटीसारख्या गाडीचं एका कोपऱ्यावरचं वजन चालकासह साधारण ३५० किलो. त्यातलं चाक, ब्रेक आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) मिळून ४० किलो स्प्रिंगच्या खाली असतं, त्याला अनस्प्रंग वजन म्हणतात. राहिले ३१० किलो. चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला ३ किलो असेल, तर गाडी स्वतःच्या वजनाने साधारण १०३ मिमी दबून उभी राहते आणि खड्ड्यानंतर सेकंदाला सुमारे १.६ वेळा वरखाली होऊ बघते. रोजच्या साध्या गाड्या १ ते १.५ च्या दरम्यान, स्पोर्टी गाड्या १.५ ते २ च्या दरम्यान असतात. कडकपणा दुप्पट केला की हा आकडा २.२ वर जातो. ते शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकचं काम. जांबोटीच्या पुढे कणकुंबीपर्यंत पावसाने उखडलेल्या रस्त्यावर अशी गाडी चाक जमिनीवर ठेवू शकत नाही. आणि हवेत असलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंग.

जंपर स्प्रिंगच्या मापाचा हवा, ही गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित होते. स्प्रिंग ४० टक्के कडक केली आणि जंपर जुनाच ठेवला, तर उसळी दाबण्याची त्याची ताकद प्रमाणात साधारण १५ टक्क्यांनी कमी पडते. त्यात जंपर आधीच ७०–८० हजार किलोमीटर चाललेला असतो. म्हणून नवीन लोअरिंग स्प्रिंग टाकल्यावर गाडी कडकही लागते आणि उड्याही मारते. दोष स्प्रिंगला दिला जातो, थकलेला असतो जंपर.

"खाली घेतली की गाडी रस्ता धरते ना?"

धरते, पण किती ते मोजून बघावं. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. हे सरकणं गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५०० मिमीवर धरला आणि गाडी २५ मिमी खाली घेतली, तर फायदा ५ टक्के. बस. सहा वर्षं जुना, रबर दगडासारखं झालेला टायर काढून नवा चांगला टायर घातला, तर ओल्या रस्त्यावर त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो, आणि तोही एकही नट न बदलता.

खाली घेण्याचा तोटाही आहे. टीटीच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे जंपर आणि स्प्रिंग एकाच खांबात आणि खाली एक लोअर आर्म. कंपनीच्या उंचीला लोअर आर्म जवळजवळ आडवा असतो. गाडी जास्त खाली घेतली की त्याचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. गाडी वळणावर ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू मग गाडीपेक्षाही जास्त खाली उतरतो. त्यामुळे खाली घेतलेली गाडी तेवढ्याच कडकपणावर उलट जास्त कलू शकते. शिवाय चाक वरखाली होताना स्टिअरिंगचे टाय रॉड त्याला थोडं वळवायला लागतात. खड्ड्यात चाक गेलं की हात न हलवता गाडी बाजूला ओढते, ते यामुळे.

आणि प्रवास. चाकाला वर जायला समजा ७० मिमी जागा होती आणि त्यानंतर रबरी बंपस्टॉप. ३० मिमी खाली घेतली की ४० उरले. त्यापलीकडे चाक थेट बंपस्टॉपवर बसतं आणि तिथे सस्पेन्शन एकाएकी कितीतरी पट कडक होतं. वळणाच्या मध्यावर, खड्ड्यात, ओल्या रस्त्यावर हे झालं तर गाडीच्या त्या टोकाची पकड झटक्यात सुटते. चोर्ला घाटात एका बाजूला दरी असताना असा झटका नको.

या भागासाठी माझं मत स्पष्ट आहे: २० मिमीपेक्षा खाली घेऊ नका. ज्यांचं घर वाड्याच्या बोळात किंवा शेताच्या रस्त्यावर आहे त्यांनी मूळ उंचीच ठेवावी आणि कलणं कमी करायला अँटीरोल बार वापरावा. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा हा पोलादी दांडा फक्त गाडी कलते तेव्हा काम करतो, सरळ रस्त्यावरच्या हंपावर गप्प असतो. पुढे जड असलेल्या टीटीला मागचा बार थोडा जाड केला की वळणावर नाक बाहेर पळण्याची खोड कमी होते. पण पुढचा तसाच ठेवून मागचा फार कडक करू नये. पावसात शेपटी सुटते, आणि एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकालाही जाणवायला लागतो.

स्प्रिंग कापून घेणं

हे लोक अजूनही करतात. गॅस कटरने एक-दीड वेढा उडवायचा आणि परत बसवायची. यात चार गोष्टी एकदम बिघडतात. ज्योतीच्या उष्णतेने त्या जागच्या पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि तिथूनच पुढे स्प्रिंग तुटते. वेढे कमी झाले की कडकपणा वाढतो, पण कोणी मोजलेला नसतो. टोकाचा सपाट किंवा आखडलेला वेढा गेल्याने स्प्रिंग वाटीत नीट बसत नाही. आणि चाक खड्ड्यात लटकतं तेव्हा आखूड झालेली स्प्रिंग सैल होऊन वाटीतून निसटते. वेढ्यांमध्ये कोंबायचे रबरी बफरही घेऊ नका. ते जिथे बसतात तिथले वेढे निकामी होतात आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो.

पैसे कुठे आधी घालायचे

गाडी लिफ्टवर घ्या. लोअर आर्मचे बुश फाटलेत का, बॉल जॉइंटमध्ये खेळ आहे का, लिंक रॉड खडखडतो का, जंपरच्या दांड्यावर तेलाचा ओलावा आहे का, वरच्या माउंटचं रबर सुटलंय का, हे बघा. चाकाला वरखाली धरून हलवलं की बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बोलतं, डावी-उजवीकडे हलवलं की टाय रॉड. टायरवर हात फिरवून बघा. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे लागले तर जंपर दमलेला असण्याची दाट शक्यता. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत यातलं निम्मं तरी निघतं. फाटक्या बुशवर महागडा जंपर बसवणं म्हणजे उसवलेल्या पायजम्यावर नवा सदरा.

मग टायर. बाजूला कोरलेल्या चार अंकांवरून वय कळतं: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मापाच्या पुढचा आकडा वजन पेलण्याचा: ९३ म्हणजे एका टायरला ६५० किलो. कंपनीने दिलेल्यापेक्षा हा आकडा कमी घेऊ नये. कायद्याने खाचा १.६ मिमीपर्यंत चालतात, पण खानापूर तालुक्यातला पाऊस बघता ३ मिमीला टायर बदलावा. खाच उथळ झाली की पाणी बाजूला फेकलं जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. टायर जितका रुंद, तितकं हे लवकर होतं.

त्यानंतर जंपर, आणि ते घेताना वरचं माउंट, त्याचं बेअरिंग, बंपस्टॉप आणि धुळीचं कव्हर एकदमच बदलावं. मजुरी एकदाच लागते. कॉइलओव्हर म्हणजे आटे पाडलेल्या नळीवर स्प्रिंगची उंची बदलता येणारा जंपर. घ्यायचा असेल तर तुमच्या भागातल्या चिखलाचा विचार करून घ्या. तांबडी माती आट्यांत बसते, पावसाळाभर ओली राहते आणि दिवाळीपर्यंत स्प्रिंगखालचा फिरवायचा कॉलर असा जाम होतो की पाना घसरतो. आटे पाण्याने धुऊन, वाळवून, त्यावर ग्रीसचा हात फिरवायचा आणि कापडी कव्हर घालायचं. जंपरच्या कडकपणाचे क्लिक (फिरवायचे टप्पे) असतील तर मधल्या क्लिकपासून सुरुवात करा, एका वेळी दोनच बदला आणि त्याच ओळखीच्या रस्त्यावर, त्याच वेगाने फरक बघा. कॉलर फिरवून स्प्रिंग कडक होते हा समज चुकीचा आहे. सरळ, एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, गाडीची उंची बदलते.

"मोठं रिम म्हणजे जास्त पकड ना?"

टीटीला २४५/४० आर १८ हे एक मूळ माप आहे. २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, १८ म्हणजे रिमचे इंच. भिंत झाली ९८ मिमी, पूर्ण चाक ६५३ मिमी. आता १९ इंची रिमवर २५५/३५ घातला: भिंत ८९ मिमी, चाक ६६१ मिमी. १७ वर २४५/४५ घातला: भिंत ११० मिमी, चाक ६५२ मिमी.

बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, म्हणजे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. रस्त्यावर टेकणारी रुंदीही १७ आणि १८ मध्ये सारखीच. मग १७ ने काय मिळालं? खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये १२ मिमी जास्त रबर आणि हवा. १९ शी तुलना केली तर २१ मिमी. रिम बेंड होणं, टायरच्या बाजूला फुगा येणं, याचं बहुतेक उत्तर या मिलिमीटरमध्ये आहे. लहान रिम साधारणपणे हलकंही असतं. अनस्प्रंग वजन कमी झालं की जंपरला चाक जमिनीवर दाबून ठेवणं सोपं जातं.

हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या एकाच पट्ट्यातून जाऊन रस्त्याला चाकोऱ्या पाडतात. संकेश्वर–चिकोडीकडे गाडी चालवणाऱ्यांना हे माहीत आहे. रुंद आणि बुटक्या भिंतीचा टायर या चाकोरीच्या कडा पकडून गाडीला डावी-उजवीकडे खेचतो. भिंत थोडी उंच असली की टायर तेवढा मुरडतो आणि स्टिअरिंग शांत राहतं.

अडचण एकच: ब्रेक. मोठ्या कॅलिपरवर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावर, १७ चं रिम बसेलच असं नाही. टायर न चढवता रिकामं रिम हबवर बसवा, हाताने पूर्ण फिरवा आणि कॅलिपरपासून सगळीकडे किमान ३ मिमी जागा आहे का ते बघा. नसेल तर १८ वरच राहा. दिसण्यासाठी १९ हवंच असेल तर ती हौस मी समजू शकतो, पण मग हवा महिन्याला नाही, आठवड्याला तपासायची तयारी ठेवा.

रिमच्या मागे कोरलेले आकडे

पीसीडी म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. टीटीचा पाच बोल्ट आणि ११२ मिमी. बाजारात ११४.३ ची रिम भरपूर मिळतात आणि ती ११२ वर बसल्यासारखी वाटतात. प्रत्येक भोक १.१५ मिमी बाहेर असतं, बोल्ट तिरके ओढले जातात, बोल्टचा शंकू एका बाजूलाच टेकतो आणि काही दिवसांत बोल्ट सैल होतात. चाक निखळण्याची ही सरळ वाट आहे. भोक ओढून लांबट करणं हा उपाय नाही.

ऑफसेट, म्हणजे रिमवर कोरलेला ईटी, हा रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर सांगतो. आकडा कमी, तेवढं चाक बाहेर. टीटीचं १८ इंची रिम ९ इंच रुंद आणि ईटी ५२ चं. त्याऐवजी ८.५ इंच रुंद, ईटी ३५ चं घेतलं तर मध्यरेषा १७ मिमी बाहेर सरकते. रिम अर्धा इंच अरुंद झाल्याने बाहेरची कड प्रत्यक्षात १०.६ मिमी बाहेर येते आणि आतली २३.४ मिमी दूर जाते. मडगार्ड भरलेलं दिसतं. पण चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर तरफेचा भार वाढतो, ब्रेक लावताना एक चाक मातीत असेल तर स्टिअरिंग हातातून खेचलं जातं आणि मागे दोन माणसं बसली की टायर मडगार्डची आतली कड सोलतो. ५–८ मिमीच्या पुढे जाण्याचं कारण मला दिसत नाही.

सेंटर बोअर म्हणजे रिमच्या मधलं भोक. टीटीचा हब ५७.१ मिमी, बाहेरच्या रिमचं भोक बऱ्याचदा ७३.१. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते, नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी स्टिअरिंग थरथरतं.

आणि बोल्ट. ऑडीचे मूळ बोल्ट गोल बुडाचे असतात, बाजारातल्या बहुतेक रिमना ६० अंशाचा शंकू लागतो. गोल बोल्ट शंकूच्या खड्ड्यात फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. पाना लावला तर घट्ट वाटतो, पण पकड नसते. आटे एम १४, पिच १.५, आवळण्याचं माप १२० न्यूटन मीटर, आणि हबमध्ये किमान ९ पूर्ण फेरे गेले पाहिजेत.

उद्यमबागेत काय करून घ्यावं, काय नाही

बेळगाव फाउंड्रीचं आणि मशिनिंगचं गाव आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच. हब रिंग जरूर करून घ्या, ॲल्युमिनिअमची. आधी तुमच्या हबचं आणि रिमच्या भोकाचं माप व्हर्निअरने घ्या, छापील आकड्यावर विसंबू नका. दोन्हीकडे ०.०५ ते ०.१ मिमी मोकळीक ठेवायला सांगा, आणि रिमच्या बाजूला छोटा चँफर, म्हणजे तिरकी कड. बुश हायड्रॉलिक प्रेसवर बसवून घेणंही उत्तम, फक्त बुशवरची खूण जुन्या जागीच यायला हवी. हातोड्याने ठोकलेला बुश तिथेच फाटायला सुरुवात होते.

रिमला तडा गेला असेल तर मात्र वेल्डिंग नको. ओतीव रिम बहुधा ए३५६ जातीच्या ॲल्युमिनिअमचं असतं आणि त्याची ताकद टी६ उष्णसंस्कारातून येते. वेल्डिंगच्या आजूबाजूचा भाग तो संस्कार गमावतो आणि मऊ पडतो. बेंड काढायला गॅसच्या ज्योतीने तापवलं तरी तेच. ओतीव आणि फोर्ज केलेल्या भागातला फरक इथल्या लोकांना वेगळा सांगायला नको. जाड स्पेसरही (हब आणि रिमच्या मधे घालायची चकती) स्थानिक लेथवर करू नका. त्याला लागणारे लांब बोल्ट योग्य दर्जाचे मिळतील याची खात्री नसते. तेल बदलून जंपर 'रिपेअर' करणं टाळा. सील नवं बसेल, पण आतल्या चकत्यांची मांडणी मोजायला मशीन लागतं.

बसवताना

स्प्रिंग दाबून ठेवली की तिच्यात शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो. हुकाचे दोन कॉम्प्रेसर बरोबर समोरासमोर लावावेत, भिंतीवरचा असेल तर त्याहून बरं. वरचा नट इम्पॅक्ट गनने सोडू नये, दांडा ॲलन कीने धरून हाताने सोडावा. कोन मोजून आवळायचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच घालावेत.

यानंतरची गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. लोअर आर्म आणि मागच्या आर्मचे बुशवाले बोल्ट लिफ्टवर, चाकं लटकलेली असताना पूर्ण आवळले जातात. गाडी खाली ठेवली की आर्म वर जातो आणि बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी त्यामुळे थोडी उंचही उभी राहते, आणि काही महिन्यांत रबर फाटतं. हे बोल्ट हाताने लावून ठेवा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा, मगच पूर्ण आवळा. पिट किंवा चालत जाण्याचे रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये हे सहज होतं.

पहिले २००–३०० किलोमीटर स्प्रिंग थोडी बसते. अलाइनमेंट त्यानंतर करा. चाक समोरून बघताना आत-बाहेर किती कललंय तो कॅम्बर, आणि वरून बघताना पायाच्या अंगठ्यांसारखं आत-बाहेर वळलंय तो टो. पुढे कॅम्बर उणे १ ते उणे १.३ अंश, टो शून्य ते १ मिमी आत. मागे कॅम्बर उणे १.५ च्या आसपास, टो १ ते २ मिमी आत. यापेक्षा जास्त कॅम्बर घेतला तर टायरची आतली कड आधी झिजते आणि बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही. आधीची आणि नंतरची, दोन्ही छापील पानं मागून घ्या.

आरटीओ, पोलीस आणि विमा

केए २२ किंवा केए २३ पाटीची गाडी एका सकाळीत कोल्हापूर किंवा गोव्यात पोचते, पण कायदा केंद्राचा आहे, तिन्ही राज्यांत एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२ए नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेल्या मापांतलंच रिम आणि टायर घ्या, जंपर मूळ उंचीचे घ्या, आणि चाक मडगार्डच्या बाहेर डोकावू देऊ नका. उंची बदलायची असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा. विमा कंपनीला बदल कळवा आणि पोच ठेवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेत आला तर दावा अडतो, आणि तेव्हा समोरच्या माणसाचं नुकसानही तुमच्या गळ्यात येऊ शकतं.

स्टेपनी विसरू नका. रिम बदलल्यावर मूळ स्टेपनीला जुनेच गोल बोल्ट लागतात. ते पाच बोल्ट पिशवीत घालून टूलकिटमध्ये ठेवा, नाहीतर रात्री घाटात पंक्चर झाल्यावर स्टेपनी असूनही लावता येणार नाही. नवी रिम बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने एकदा पुन्हा तपासायचे, थंड चाकावर, एकाआड एक.